ओळख कोण देणार?

भारतातल्या बँकेत खातं उघडायला आता व्हिडिओ कॉल पुरतो. बँकेचा माणूस पलीकडून तुमचा चेहरा बघतो, दोन-चार प्रश्न विचारतो, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो, आधारची पडताळणी होते आणि काम संपतं. रिझर्व्ह बँकेने ही सोय जानेवारी २०२० मध्ये दिली. तिच्यात एक अट अशी होती की इथे राहणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही. कॉल चालू असताना फोन कुठे आहे हेही नोंदलं जातं, आणि तो भारतातच असावा लागतो. मे २०२१ मध्ये नियम आणखी आवळले गेले. परदेशी आयपी पत्त्यावरून कुणी जोडू पाहत असेल तर यंत्रणेने त्याला मुळातच अडवावं, असं बँकांना सांगण्यात आलं. म्हणजे माणूस तोच, चेहरा तोच, पॅन कार्डही तेच. ठाण्यात बसून बोलला तर ओळख पटली आणि दुबईत बसून बोलला तर नाही पटली.

ऐकताना हा सरकारी हट्ट वाटतो, आणि थोडा तो आहेही. पण बँकेला तुमची ओळख पटते म्हणजे नेमकं काय होतं, हे या अटीतून चांगलं कळतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांनी खाती उघडली त्यांना फॉर्मवरचा एक रकाना आठवत असेल: ओळख देणाऱ्याची सही. त्याच शाखेत आधीपासून खातं असलेला शेजारी, सहकारी किंवा एखादा दूरचा काका शोधून आणावा लागे. तो तुम्हाला ओळखे आणि बँक त्याला ओळखे. उद्या तुम्ही काही उपद्व्याप केलेच तर मॅनेजर आधी त्याच्याकडे बघणार, हे तिघांनाही ठाऊक असे. आधार, ओटीपी, डिजिटल सही, चेहऱ्याची पडताळणी हा सगळा पसारा त्या एका सहीच्या जागी आला आहे. देशाच्या आत ती सही कोण करणार हे ठरलेलं असतं. सीमेपलीकडे तो रकाना पुन्हा रिकामा होतो. तंत्रज्ञान कमी पडतं म्हणून सीमेपार बँकिंग अडतं असं सांगितलं जातं, ते मला अर्धवट वाटतं. तंत्रज्ञान बरंचसं तयार आहे. चूक झाली तर कुणाला धरायचं, हे ठरलेलं नाही.

बँक आपल्याला तीन निरनिराळे प्रश्न विचारते आणि आपण ते एकच समजतो. तुम्ही कोण, हा खातं उघडतानाचा आणि पुढे अधूनमधून केवायसीच्या वेळचा प्रश्न. आत्ता फोन हातात धरलेला माणूस तोच आहे का, हा दर लॉगिनचा. आणि एवढीच रक्कम, याच माणसाला पाठवायची तुमची खरोखर इच्छा आहे का, हा दर व्यवहाराचा. पहिल्याचं उत्तर कायदा देतो, दुसऱ्याचं यंत्र देतं, आणि तिसऱ्याचं उत्तर वाद झाला की शोधलं जातं. परदेशात गेल्यावर हे तिन्ही वेगवेगळ्या जागी अडखळतात.

पहिल्या प्रश्नाचं आजचं रूप १९८९ च्या पॅरिसमध्ये घडलं. जी-७ देशांच्या परिषदेत गुन्ह्यातला पैसा बँकांतून धुऊन काढण्याला आळा घालायचं ठरलं आणि एफएटीएफ हा आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. त्याच्या चाळीस शिफारशींतली दहावी ग्राहकाच्या खातरजमेविषयी आहे. भारत या गटाचा सदस्य झाला २०१० मध्ये, पण आपला मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००२ चाच, १ जुलै २००५ पासून लागू झालेला. याच गटाने मार्च २०२० मध्ये डिजिटल ओळखीविषयी मार्गदर्शिका काढली. ओळखयंत्रणा भरवशाची असेल, तर समोरासमोर न भेटता जोडलेला ग्राहक जास्त जोखमीचा मानायचं कारण नाही, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. तरी बँका बिचकतात. मार्गदर्शिका कुणाचा दंड भरत नाही; तो बँकेलाच भरावा लागतो, आणि तोही आपल्याच देशाच्या नियामकाकडे. परदेशी सरकारने दिलेलं कार्ड खोटं निघालं तर रिझर्व्ह बँक त्या सरकारला नोटीस पाठवणार नाही.

म्हणून अनिवासी भारतीयाच्या कागदपत्रांसाठी जुनाच मार्ग शिल्लक राहतो. भारतीय बँकेची परदेशातली शाखा, आपल्या बँकेशी संबंध असलेल्या परदेशी बँकेची शाखा, तिथला नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वकिलात, यांपैकी कुणीतरी प्रत साक्षांकित करून द्यायची. म्हणजे फॉर्मवरचा तो रकाना परत आला, फक्त शेजाऱ्याच्या जागी नोटरी बसला.

दुसरा प्रश्न मात्र जास्त गमतीचा आहे. भारतीय बँकेच्या लेखी माणूस म्हणजे दहा आकडी मोबाइल नंबर. हे एका दिवसात झालं नाही. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खूण द्यायला लागावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये केला. जगातल्या बऱ्याच देशांच्या कितीतरी आधी आपण हे केलं. ती खूण म्हणून पुढे ओटीपी रुळला, कारण स्मार्टफोन सगळ्यांकडे नव्हता पण मेसेज साध्या फोनवरही येत होता. जुलै २०१७ मध्ये तर असंही सांगण्यात आलं, की जो ग्राहक मोबाइल नंबर देणार नाही त्याला एटीएममधून पैसे काढण्यापलीकडची इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची सोय बँकेने देऊ नये.

यूपीआयने ही गाठ आणखी घट्ट केली. अॅप पहिल्यांदा सुरू करताना ते तुमच्या फोनमधून एक मेसेज गुपचूप बाहेर पाठवतं. तो कुठल्या नंबरवरून आला हे यंत्रणा बघते, आणि ते सिम, तो फोन व तुमचं खातं एकमेकांना बांधलं जातं. येणारा ओटीपी फसवून दुसऱ्याकडून काढून घेता येतो. जाणारा मेसेज मात्र त्याच सिममधून जावा लागतो, त्यामुळे ही रीत चोराला जड जाते. रचना म्हणून ती सुरेख आहे. फक्त तिने गृहीत धरलं की माणूस आणि त्याचं सिम एकाच देशात राहणार.

आता हाच माणूस नोकरीसाठी परदेशी जातो. तिथलं सिम घेतो, भारतातलं सिम आईच्या कपाटात राहतं. डोंबिवलीत, सांगलीत, मडगावात अशी किती सिम कार्डं आयांच्या जुन्या फोनमध्ये श्वास धरून असतील! मुलगा तिकडून लॉगिन करतो, इकडे फोन वाजतो, आई चष्मा लावून सहा आकडे वाचते, तो ते तिकडे टाइप करतो. नात्याच्या दृष्टीने गोड प्रसंग आहे. नियमाच्या दृष्टीने बघितलं तर ग्राहकाने आपली गुप्त खूण दुसऱ्याला उघड केली. रिझर्व्ह बँकेच्या त्याच जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, आणि चूक त्याची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणी झालेली असेल, तर त्याच्यावर काही बोजा येत नाही. पण खूण त्याने स्वतः दुसऱ्याला दिलेली असेल, तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आणि ज्या सूचनेपासून हे तीन दिवस मोजायचे, ती सूचना मेसेजने आलेली असेल तर ती कपाटातच पडलेली असते.

सिम जपलं नाही तर पुढचा टप्पा. प्रीपेड नंबरवरून ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि त्यात शिल्लकही नसली, तर कंपनी तो बंद करू शकते. काही काळाने तोच नंबर नव्या गिऱ्हाइकाला मिळतो. मग बँकेच्या नोंदीत तुम्ही म्हणजे एक अनोळखी माणूस, ज्याला तुमच्या खात्याचे मेसेज का येतात हे कळत नाही. बहुतेक वेळा तो बिचारा सज्जन असतो. यंत्रणा मात्र त्याच्या सज्जनपणावर उभी करता येत नाही.

आधारचं असंच आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, आणि कल्पनाच मुळी इथल्या रहिवाशाला ओळख देण्याची होती. कायद्याने रहिवासी ठरवला तोही मागच्या बारा महिन्यांतल्या १८२ दिवसांच्या मुक्कामावरून, नागरिकत्वावरून नाही. २०१९ मध्ये भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना ही मुदत माफ झाली. देशात आल्यावर त्यांना लगेच अर्ज करता येऊ लागला. पण आधारचे मेसेज परदेशी नंबरवर जात नाहीत. अनिवासींसाठी ईमेल सक्तीचा झाला तो याचमुळे. तरी बँकेच्या अॅपमध्ये आधारची पडताळणी आली की ओटीपी पुन्हा त्याच कपाटाकडे धावतो.

यावर उपाय झालेच नाहीत असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग आणि आखातातले चार, अशा दहा देशांतल्या मोबाइल नंबरांवरून यूपीआय वापरायला परवानगी दिली. अट अशी की खातं अनिवासींसाठीचं, म्हणजे एनआरई किंवा एनआरओ असावं. ही अट महत्त्वाची, कारण परकीय चलन कायद्यानुसार माणूस अनिवासी झाला की त्याचं साधं बचत खातंही तसंच ठेवता येत नाही. ते एनआरओ म्हणून बदलून घ्यावं लागतं. कित्येकांनी वर्षानुवर्षं ते केलेलं नसतं. नंबर परदेशी केला तर बँकेला कळेल या धास्तीने ते भारतीय सिमच चालू ठेवतात. म्हणजे अडचण निम्मी यंत्रणेची आणि निम्मी आपल्या लपवाछपवीची.

मेसेजवर एवढा भरवसा ठेवावा का, हा प्रश्न वेगळाच. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीत काही खात्यांतून पैसे गेले. चोरांनी आधी ग्राहकांचे पासवर्ड मिळवले होते, पण बँकेचा एकवेळचा कोड हवा होता. जगभरच्या फोन कंपन्या रोमिंगसाठी आणि मेसेज पोहोचवण्यासाठी आपापसांत एक जुनी संकेतभाषा वापरतात. तिचं नाव एसएस-७. ती आखली गेली तेव्हा मोजक्या, बहुतेक सरकारी, कंपन्या एकमेकींना ओळखत होत्या, त्यामुळे समोरच्या जाळ्याने सांगितलं की ते खरं मानायचं अशी रीत तिच्यात मुरलेली. चोरांनी एका परदेशी जाळ्यातून सांगितलं की हा ग्राहक आता आमच्याकडे आहे. मेसेज तिकडे वळले. ओ-टू टेलिफोनिका या कंपनीने हा प्रकार नंतर मान्य केला. फोन ग्राहकाच्या खिशात होता, सिमही त्याचंच. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या एनआयएसटी या संस्थेने त्याच वर्षी मेसेजने येणाऱ्या कोडला जपून वापरायच्या साधनांच्या वर्गात टाकलं.

रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हायचे होते. मेसेजचा ओटीपी त्यांत रद्द केलेला नाही, पण त्यालाच चिकटून राहायची गरज उरलेली नाही. फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली, बोटाचा ठसा किंवा चेहरा यांनाही जागा दिली आहे. मला त्यातलं दुसरंच कलम अधिक मोलाचं वाटतं. हे नियम न पाळल्यामुळे नुकसान झालं तर ग्राहकाला पूर्ण भरपाई बँकेने द्यायची. ओळखयंत्रणा सुधारायची असेल तर सुरक्षेवरची व्याख्यानं देण्यापेक्षा बिल कुणाच्या नावे फाडायचं हे लिहून ठेवलेलं बरं.

उत्तर युरोपात हे सगळं वेगळ्या वाटेने गेलं. स्वीडनमध्ये मोठ्या बँकांनीच एकत्र येऊन २००३ पासून बँकआयडी नावाची ओळख द्यायला सुरुवात केली. आज तिथे कर भरणं, डॉक्टरची वेळ घेणं, घराच्या करारावर सही करणं, सगळं त्या एका अॅपवर चालतं. फोनमध्ये एक गुप्त किल्ली असते, ती पिनने उघडते आणि काय मान्य करतो आहोत ते पडद्यावर वाचून सही करता येते. कुठल्याही मेसेजची गरज नाही. पण या घराचा दरवाजा अरुंद आहे. आत जायला तिथला व्यक्तिक्रमांक लागतो, तो करखातं देतं, आणि निदान वर्षभर राहायचं असेल तरच देतं. पुण्याहून सहा महिन्यांच्या कामासाठी गोथेनबर्गला गेलेला इंजिनिअर म्हणूनच तिथे अर्धा अदृश्य असतो. पगार मिळतो, पण अॅपवाल्या जगात त्याला कुणी ओळखत नाही. शेजारच्या नॉर्वेतही बँकआयडी याच नावाची यंत्रणा आहे. ती पूर्णपणे वेगळी. नाव एक, बनवणाऱ्या बँकाच, सीमा तर इतकी सैल की गाडी न थांबवता ओलांडता येते, आणि तरी एकाची ओळख दुसऱ्याच्या बँकेत चालत नाही.

मग वाटतं की एखाद्या देशाने सरळ परदेशी माणसांनाच ओळख वाटायला सुरुवात केली तर? एस्टोनियाने तेच केलं. तेरा-चौदा लाख वस्तीचा हा देश २००२ पासून नागरिकांना चिप असलेलं ओळखपत्र देतो, आणि १ डिसेंबर २०१४ पासून त्याने ई-रेसिडेन्सी सुरू केली. जगात कुठेही राहा, एस्टोनियाच्या पोलिसांकडून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्या, बोटांचे ठसे द्या, कार्ड घ्या. त्या कार्डाने सही केली की ती युरोपात हातच्या सहीइतकी ग्राह्य. कंपनी झटपट निघते. बातमी आली तेव्हा जगभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं.

पण कंपनी निघाली तरी बँकेत खातं मिळेना. ई-रेसिडेन्सी म्हणजे खात्याची हमी नव्हे, असं खुद्द सरकारलाच सांगत बसावं लागलं. त्यात डान्स्के बँकेचं प्रकरण बाहेर आलं. या डॅनिश बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात अनिवासी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो वाहून गेले आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद होता, असं बँकेच्याच चौकशी अहवालाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं. पुढे २०१९ मध्ये एस्टोनियाच्या नियामकाने ती शाखा बंद करायला लावली, आणि २०२२ मध्ये बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल करून दोन अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं. या प्रकरणात ई-रेसिडेन्सीचा दोष नव्हता. ती सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं. कागद नव्हते असंही नाही. कंपन्यांची नावं होती, नोंदणी होती, पत्ते होते. पैसा शेवटी कुणाचा, हे मात्र त्यांवरून कळत नव्हतं. चिपमधली सही गणिताने पक्की असते. ती करणाऱ्याचा हेतू आणि त्याच्या पैशाचा उगम गणितात मावत नाही. पोळलेल्या बँका अनिवासी म्हटलं की दार लावू लागल्या. जगातली सर्वांत नेटकी डिजिटल ओळख हातात असूनही माणूस दाराबाहेर राहिला, कारण ओळख सरकारने दिली होती आणि दंड बँकेला बसणार होता.

युरोपीय संघाने याच गाठीला हात घातला आहे. २०१४ च्या ईआयडास नियमाने प्रत्येक देशाची डिजिटल ओळख तीन पातळ्यांत मोजायची रीत घातली: साधी, भक्कम आणि उच्च. एखाद्या देशाने आपली यंत्रणा संघाकडे नोंदवली, इतर देशांनी ती तपासली, की वरच्या दोन पातळ्यांची ओळख २९ सप्टेंबर २०१८ पासून सगळ्यांच्या सरकारी सेवांना मानावी लागते. पहिली नोंद जर्मनीने केली. यात माझ्या मते सर्वांत कमी चर्चा झालेलं कलम अकरावं आहे. नोंदवलेली ओळख देण्यात देशाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने चूक केली आणि सीमेपलीकडे कुणाचं नुकसान झालं, तर त्या देशाने जबाबदारी घ्यायची. जो सही करेल तोच भरेल, हे निदान सरकारांच्या पातळीवर मान्य झालं.

त्या नियमात बँका मात्र बांधलेल्या नव्हत्या. २०२४ मध्ये तो सुधारला गेला आणि मे महिन्यात अमलात आला. आता प्रत्येक सदस्य देशाने २०२६ अखेरपर्यंत नागरिकांना आणि रहिवाशांना फोनमधलं एक ओळखपाकीट द्यायचं, आणि ग्राहकाची पक्की ओळख घ्यायला ज्यांना कायद्याने किंवा कराराने भाग आहे त्यांनी, म्हणजे बँकांनीही, २०२७ अखेरपासून ग्राहकाची इच्छा असेल तर ते स्वीकारायचं, असं वेळापत्रक आहे. पाकिटातून हवी तेवढीच माहिती दाखवता येईल. वय अठराच्या वर आहे एवढं सांगायला जन्मतारीख द्यायची गरज नाही. वेळापत्रकं घसरतात, युरोपातली तर नक्कीच. पण बर्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसालाही रहिवासी म्हणून हे पाकीट घेता येईल, आणि ते दाखवून लिस्बनच्या बँकेत खातं मागता येईल.

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे हा व्यवहार तुम्हाला खरंच करायचा आहे का याचं, उत्तरही युरोपने नीट लिहून ठेवलं. १४ सप्टेंबर २०१९ पासून तिथे ऑनलाइन पैसे देताना मिळणारा कोड त्या रकमेला आणि त्या घेणाऱ्यालाच बांधलेला असावा लागतो. रक्कम किंवा घेणारा बदलला की कोड रद्द. भारतीय कार्डावर परदेशी दुकानाने ओटीपी न विचारताच पैसे कापल्याचा अनुभव अनेकांना असेल. आपला २००९ चा नियम सीमेच्या आतल्या व्यवहारांपुरता होता. परदेशातून अशी पडताळणी मागितली गेली तर ती करायची तयारी कार्ड देणाऱ्या बँकांनी ठेवावी, यासाठी २०२५ च्या निर्देशांत १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख घातली आहे.

सीमा ओलांडायलाच जन्मलेलं एक ओळखपत्र मात्र परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाकडे आधीच असतं, आणि ते नाशिकला छापलं जातं. इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आता चिप असलेले पासपोर्ट तयार होतात. एप्रिल २०२४ मध्ये नागपूर आणि भुवनेश्वर इथून त्यांची सुरुवात झाली. चिपमध्ये नाव, जन्मतारीख, फोटो असतो आणि त्यावर देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते. मांडणी मॉन्ट्रियलच्या आयसीएओ या विमान वाहतूक संघटनेने ठरवलेली, म्हणून सगळ्या जगाची सारखी. त्या देशाचं प्रमाणपत्र अॅपकडे असेल, तर साधा फोन पासपोर्टला टेकवून सही खरी की खोटी हे क्षणात कळतं, आणि युरोपातल्या कित्येक नव्या बँका नेमकं हेच करतात. मग सेल्फी घेऊन चेहरा चिपमधल्या फोटोशी ताडतात. फोटोचा कागद धरला आहे, मुखवटा आहे की संगणकाने बनवलेला चेहरा, हे ओळखण्याची चढाओढ तिथून पुढे सुरू होते आणि ती संपणारी नाही. पासपोर्टच्या चिपमधून राहत्या पत्त्याची खात्रीही होत नाही. तरी दोन सरकारांमध्ये आधीपासून असलेला भरवसा बँकेला वापरू देणारं दुसरं साधन आज तरी नाही.

पासपोर्टवरून ओळख जुळवताना आपल्या लोकांना छळतं ते नाव. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, ही आपली त्रिपदी. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र, पॅनवर मधलं पूर्ण, बँकेत मधल्याचं एकच अक्षर, लग्नानंतर मागची दोन्ही बदललेली. रोमन लिपीत चौधरी चार तऱ्हांनी लिहिले जातात. पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत नावाला ३९ जागा मिळतात, त्यात लांब नावं कापली जातात. निर्बंधांच्या यादीशी नाव ताडणाऱ्या संगणकाला हे सगळे वेगवेगळे लोक वाटतात, किंवा उलट, दोन वेगळे लोक एक वाटतात. बायकांना हा त्रास दुप्पट होतो आणि त्याची दखल निम्मीही घेतली जात नाही.

गंमत अशी की आपली माहिती मात्र सीमेवर अजिबात अडत नाही. अमेरिकेच्या २०१० च्या फॅटका कायद्यानुसार भारताने जुलै २०१५ मध्ये करार केला, आणि इतर देशांशी आपोआप माहिती देवाणघेवाण २०१७ पासून सुरू झाली. तुमच्या खात्यातली शिल्लक आणि व्याज दरवर्षी एका करखात्याकडून दुसऱ्याकडे बिनबोभाट जातं. तिथे दोन्ही बाजूंना पैसा मिळायचा असतो, त्यामुळे ओळख जुळवण्यात कुणी कुचराई करत नाही. कंपन्यांचंही तसंच. २००८ च्या मंदीनंतर त्यांना एलईआय नावाचा वीस अक्षरी जागतिक क्रमांक मिळाला, आणि ५० कोटींवरच्या व्यवहारांना तो आपल्याकडे लागतो. माणसाला असा क्रमांक नाही, आणि नसलेलाच बरा असं मला वाटतं. सगळ्या जगाने एकाच आकड्याने ओळखावं इतका भरवसा कुठल्याही सरकारवर ठेवायला मी तयार नाही.

त्यापेक्षा भारत आणि सिंगापूर यांनी २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जोडलेली वाट मला शहाणपणाची वाटते. यूपीआय आणि सिंगापूरचं तसंच पेनाऊ एकमेकांना जोडले गेले, सुरुवातीला दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत. यात ग्राहकाची ओळख सीमा ओलांडतच नाही. सिंगापूरची बँक आपल्या ग्राहकाला ओळखते, भारतीय बँक आपल्या, आणि दोन्ही बँका एकमेकींना. पाठवणाऱ्याला समोरच्याचं नाव दिसतं, तेवढंच.

आणि आईच्या कपाटातल्या सिमचं काय करायचं? कायद्यात त्याची सोय ओटीपीच्या खूप आधीपासून आहे. अनिवासी खातेदार भारतात राहणाऱ्या कुणालाही मुखत्यारपत्र देऊन खातं चालवायला सांगू शकतो. एनआरई खात्यावर अशा मुखत्याराला इथली देणी भागवता येतात, खातेदाराला परदेशी पैसे पाठवता येतात. दुसऱ्या कुणाला परदेशी पाठवता येत नाहीत, खातेदाराच्या वतीने कुणाला भेट म्हणून रक्कम देता येत नाही, नवं एनआरई खातं उघडता येत नाही. आईचं नाव, तिची स्वतःची सही आणि तिच्या अधिकाराची हद्द बँकेच्या दप्तरी नोंदलेली राहते. मुखत्यारपत्र परदेशात केलेलं असेल तर त्यावर तिथला नोटरी आणि अपॉस्टिलचा शिक्का, किंवा वकिलातीची मोहोर लागते. इथे आल्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. फाइल बँकेत द्यायला एक दिवसाची रजा काढावी लागते, आणि ती बहुतेक वेळा काढली जात नाही.